आधी निब, मग पेन : शाईपेनाच्या दुकानात गेल्यावर

शाईपेन मजेत लिहिणार की कुरकुरणार, हे निबेच्या टोकावरचा धातूचा एक बारीक मणी ठरवतो. तो जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातून निघालेल्या दोन निबांचे मणीसुद्धा अगदी सारखे घासलेले नसतात. फोटो बघून पेन मागवलं की हा मणी नशिबावर सोडावा लागतो. पेन आणि शाईच्या घरगुती दुकानात, जिथे घरातलीच दोन-तीन माणसं गल्ला आणि दुरुस्तीचं टेबल सांभाळतात, तिथे तो आपल्या हाताने तपासता येतो आणि जमत नसेल तर तिथल्या तिथे जुळवून घेता येतो. म्हणून दुकानातला निम्म्याहून जास्त वेळ निबेवर घालवा. रंग, क्लिप, टोपणावरची नक्षी हे सगळं मागाहून.

निघण्याआधी

दुकानात फोन करून एकच गोष्ट विचारा: निबेचं काम करणारी व्यक्ती आज कधी असेल? अशा दुकानात विक्री सगळ्यांना येते, पण निब जुळवणारे हात बहुधा एकाचेच असतात. ते नसताना गेलात तर पेन विकत मिळेल, जुळवून मिळणार नाही. गर्दी नसलेली वेळ धरा. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुकान उघडल्यानंतरचा पहिला तास सर्वांत बरा.

सोबत तीन गोष्टी न्या. रोज ज्या कागदावर लिहिता त्याची चार-पाच पानं, सध्या वापरात असलेलं पेन (बॉलपेन असलं तरी चालेल), आणि दुरुस्तीला द्यायचं जुनं पेन असेल तर तेही. चाचणीसाठी दुकानात मिळणारा पॅड बहुतेक वेळा उत्तम, चिकण्या कागदाचा असतो, आणि त्यावर सगळ्याच निबा छान लिहितात. तुमच्या वहीच्या कागदावर तीच निब खरखरली किंवा शाई फुटली तर ते घरी जाऊन कळण्यापेक्षा गल्ल्यावर कळलेलं बरं.

दुकानदाराला काय सांगायचं

“चांगलं पेन दाखवा” म्हटलं तर कपाटातलं काहीही चांगलंच आहे. त्याऐवजी बजेट स्पष्ट सांगा आणि स्वतःच्या पेनाने दोन-तीन ओळी त्यांच्यासमोर लिहून दाखवा. जाणकार माणूस अक्षराच्या सौंदर्याकडे बघत नाही. पेन कागदाशी किती कोन करतं, लिहिताना ते बोटांत एका बाजूला फिरतं का, दाब किती पडतो आणि अक्षराची उंची किती, एवढं तो बघतो. पेन उभं धरणाऱ्याला मण्याचा पुढचा भाग कागदावर टेकतो, आडवं धरणाऱ्याला पोटाचा. त्यामुळे एकालाच गुळगुळीत लागणारी निब दुसऱ्याला टोचते. डावखुरे असाल तर तेही आधीच सांगा. हात ओल्या ओळीवरून जात असेल तर कमी शाई सोडणारी निब आणि लवकर सुकणारी शाई लागेल.

जाडी ठरवताना निबेवर कोरलेल्या F (फाइन, बारीक), M (मीडियम, मध्यम) अशा अक्षरावर विसंबू नका. जपानी कंपन्यांची फाइन निब साधारण 0.3 ते 0.4 मिमी रेघ काढते, युरोपीय कंपन्यांची फाइन साधारण 0.5 ते 0.6 मिमी. म्हणजे जपानी मीडियम ही बऱ्याचदा युरोपीय फाइनच्या जवळ जाते. देवनागरी लिहिणाऱ्यांनी यात एक गोष्ट जास्तीची बघावी. आपल्याकडे जोडाक्षरं आहेत, त्यांत पोटं आणि गाठी आहेत. लहान अक्षरात जाड निबेने ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ लिहिलं की आतली पांढरी जागा बुजते. चाचणीच्या पानावर हीच तीन अक्षरं नेहमीच्या आकारात लिहून बघा. ती उघडी दिसत असतील तर जाडी बरोबर आहे.

1.1 किंवा 1.5 मिमीची चपटी, म्हणजे स्टब निब मोहात पाडते. तिच्या उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक येतात, त्यामुळे काना भरदार आणि शिरोरेघ नाजूक होते. उलट हवं असेल, म्हणजे शिरोरेघ जाड आणि काना बारीक, तर ‘आर्किटेक्ट’ पद्धतीने घासलेली निब मागा. मोठं अक्षर असणाऱ्यांना ती फार शोभते. रोजच्या टिपणांसाठी आम्ही दोन्ही सुचवणार नाही.

हात लावण्याआधी

पेन विचारून उघडा. काही टोपणं आट्यांची असतात, काही ओढून काढायची. आट्यांचं टोपण ओढलं तर कडेला चीर जाते. ओढायचं टोपण झटक्यात काढलं तर आत पोकळी तयार होऊन शाई निबेवर ओढली जाते आणि शिंतोडे उडतात. टोपण मागच्या टोकाला खोचायचं तर तेही विचारून, कारण एबोनाइट आणि सेल्युलॉइडच्या नळीवर त्याचा वळ उठतो. शाईत न बुडवता कोरडी निब कागदावर घासू नका. निब ‘लवचीक’ आहे का हे दाबून पाहणं तर कटाक्षाने टाळा. निबेची पाती, म्हणजे मधल्या चिरेच्या दोन बाजू, एकदा फाकली की आपोआप पूर्ववत होत नाहीत, आणि तुम्ही ठेवून दिलेलं ते पेन पुढच्या गिऱ्हाइकाला जातं.

निब डोळ्यांनी बघणे

दहापट मोठं दाखवणारं भिंग मागा. दुरुस्ती करणाऱ्या दुकानात ते असतंच. निब उजेडासमोर धरून वरून बघा. मधल्या चिरेतून दिसणारी उजेडाची रेघ छिद्राजवळ किंचित रुंद आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी, आणि मण्याशी दोन्ही पाती हलकेच टेकलेली. चीर पूर्ण मिटलेली असेल तर शाई कमी येईल. टोकाशी फट उघडी असेल तर शाई तिथवर पोचूनही मध्येच तुटेल, कारण शाईला पुढे खेचणारी केशाकर्षणाची ओढ अरुंद फटीतच टिकते.

मग निब समोरून, टोक आपल्याकडे करून बघा. मण्याचे दोन अर्ध एका पातळीत हवेत. केसाएवढा फरक असला तरी हाताला तो लागतो. शेवटी बाजूने: निबेखालची खाचांची जीभ निबेला चिकटून आणि मधोमध बसली आहे का? तिरकी असेल तर सांगा, ती सरळ करायला मिनिटभर पुरतं. शाई बाहेर येते तेवढीच हवा आत जावी, ही व्यवस्था या जिभेत असते. लुइस वॉटरमनने 1884 मध्ये पेटंट घेतलं ते याच भागासाठी.

सोन्याची निब म्हणजे गुळगुळीत निब, हा समज सोडा. सोन्याच्या आणि स्टीलच्या निबेचा टोकाचा मणी दोन्हीकडे ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा कठीण धातूंच्या मिश्रणाचाच असतो, आणि कागदाला तोच लागतो. सोन्याचा खरा फायदा असा की आम्लयुक्त शाईने ती गंजत नाही, आणि काही निबा थोड्या स्प्रिंगसारख्या दबतात. निबेवर 585 असेल तर 14 कॅरेट, 750 म्हणजे 18, 875 म्हणजे 21. पहिलं पेन घेत असाल तर पैसे सोन्यात न घालता नीट जुळवलेल्या स्टीलच्या निबेत घाला.

लिहून बघणे

निब शाईत बुडवून लगेच लिहिलं की प्रत्येक पेन ओलं आणि गुळगुळीत वाटतं. जिभेच्या खाचांत बाहेरून भरलेली जादा शाई पहिल्या काही ओळी सांभाळून नेते. त्या ओळींवरून काहीच ठरवू नका. निब छिद्रापर्यंत बुडवा, फडक्याने टिपून घ्या, चार-पाच ओळी वाया घालवा आणि नंतर बघायला लागा. दुकान तयार असेल तर कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनात बसणाऱ्या, शाई ओढून घेणाऱ्या सुट्या नळकांडीत, थोडी शाई भरूनच चाचणी घ्या, कारण हवा आत-बाहेर जाण्याचा खेळ बुडवलेल्या निबेत दिसतच नाही.

चाचणीचा क्रम असा ठेवा:

1. पेन सैल धरा आणि केवळ त्याच्या वजनाने ओढत एक ओळ काढा. दाब दिल्याशिवाय रेघ उमटत नसेल तर निब घट्ट आहे.
2. नेहमीच्या वेगाने एक परिच्छेद लिहा. नुसती सही करू नका. सही हात सरावाने मारतो, त्यात दोष लपतात.
3. शब्दांवर लांब शिरोरेघा भरभर ओढा. रेघ मध्येच तुटते का बघा.
4. अनुस्वारांची टिंबं हलक्या हाताने द्या. दहा टिंबांतली दोन-तीन उमटलीच नाहीत, तर मण्यात दोष आहे.
5. इंग्रजी आठचा आकडा मोठा आणि सावकाश, दोन्ही दिशांनी गिरवा. एकाच दिशेला खरखर लागली तर पाती वर-खाली आहेत.
6. टोपण न लावता अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा लिहा. पहिला फटका कोरडा गेला तर ते लक्षात ठेवा.

चौथ्या आणि सहाव्या पायरीवर अडणारी निब फसवी असते, कारण ती हाताला अतिशय मऊ लागते. कारखान्यात मणी गरजेपेक्षा जास्त घासला गेला की चिरेच्या आतल्या कडाही गोल होतात. मग शाई चिरेच्या तोंडाशी येऊन थांबते, कागदाला टेकत नाही. जरा दाबलं की टेकते आणि लिहायला लागते. अशा निबेला लोक शाई बदलून, धुऊन, झटकून बघतात. तिचा उपाय मात्र मणी पुन्हा घासून सपाट करणे हाच आहे. हे काम बारा हजार ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे घासपट्टीच्या बारीकपणाचं माप) आसपासच्या अतिबारीक पट्टीवर होतं आणि अनुभवी हाताला त्याला काही मिनिटं लागतात.

एक गोष्ट खरखरीविषयी. थोडी, पेन्सिलीसारखी जाणवणारी घासण हा दोष नाही. बारीक निबांत ती असणारच. कागदाचे तंतू टोकात अडकत असतील किंवा रेघेच्या कडेला ओरखडा दिसत असेल, तर तो दोष.

जुळवून घेताना

“नीट करून द्या” असं मोघम सांगू नका. शाई कमी येते, डावीकडे जाताना टोचते, टिंब उमटत नाही, यांपैकी जे असेल ते सांगा आणि ते दिसणारं पान पुढे करा. शाई वाढवायची तर पाती किंचित सैल केली जातात, हे परत फिरवता येतं. पाती वर-खाली असतील तर ती बोटाने किंवा नखाने समतल होतात, तेही परत फिरवता येतं. घासणं मात्र परत फिरत नाही. मीडियम निब घासून फाइन होईल, फाइनची मीडियम होणार नाही. म्हणून थोडं घासून लगेच लिहून बघा, मग पुढचं. घासल्यावर पेन परत घेतील का, हेही आधीच विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी घेत नाहीत आणि ते रास्तच आहे.

स्वतः घरी सँडपेपरवर निब घासण्याचे व्हिडिओ पाहून मोहात पडू नका. मणी संपला की निब संपली.

नळी, वजन आणि भरण्याची पद्धत

पेन पाच मिनिटं लिहिण्याच्या पवित्र्यात धरून ठेवा. पकडायचा भाग फार सडपातळ असला तर बोटं आवळली जातात. आट्यांची धार किंवा नळीची पायरी नेमकी बोटाखाली आली तर अर्ध्या पानानंतर टोचायला लागते. टोपण मागे लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे लिहा. धातूचं जड टोपण मागे लावलं की पेन मागच्या बाजूला झुकतं.

भरण्याच्या पद्धतीत सोयीचं-गैरसोयीचं असं गणित आहे. कन्व्हर्टर धुवायला सर्वांत सोपा, पण त्यात साधारण 0.5 ते 1 मिली शाई मावते. तो पेनासोबत आहे की वेगळा घ्यावा लागेल हे बघा. पायलट, सेलर, प्लॅटिनम, लॅमी, पार्कर यांची मापं आपापली आहेत. एकाचा दुसऱ्यात बसेल असं गृहीत धरू नका. पिस्टनच्या, म्हणजे नळीतच बसवलेल्या दट्ट्याने शाई ओढणाऱ्या पेनात जास्त शाई मावते, पण रंग बदलताना धुवायला वेळ लागतो.

ड्रॉपरने सरळ नळीत शाई भरायची पेनं 2 ते 4 मिली शाई घेतात आणि दिवसचे दिवस चालतात. त्यांचा ठरावीक त्रास म्हणजे शाई कमी झाल्यावर ठिबकणं. नळीत एक तृतीयांशच शाई उरली की वर हवा जास्त असते. हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला जिभेतून बाहेर ढकलते. उपाय दोन: शाई तिसऱ्या हिश्शावर आली की पुन्हा भरा, आणि आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. व्हॅसलीन नको, त्याने रबराची चकती खराब होते. एबोनाइटचं शरीर हाताला गरम-मऊ लागतं आणि उष्णता कमी पोचू देतं, म्हणून ड्रॉपरच्या पेनाला ते शोभतं. मात्र ते पाण्यात भिजवून ठेवू नका. पाण्याने आणि उन्हाने त्याचा काळा रंग विटून हिरवट-तपकिरी होतो.

शाई

बाटलीच्या खोक्यावरचा रंग बघून शाई घेऊ नका. दुकानात नमुन्यांची वही असेल तर ती उघडा, पण त्यातले पट्टे बहुधा ब्रशने किंवा जाड निबेने ओढलेले असतात. बारीक निबेत तोच रंग फिका किंवा गडद दिसेल. आपण निवडलेल्या निबेने, आपल्या कागदावर चार ओळी लिहा, आणि पूर्ण सुकल्यावर पान उजेडात न्या. शाई फुटते का, पानामागे उमटते का, आणि दहा सेकंदांनी बोट फिरवल्यावर पसरते का, एवढं बघितलं की पुरे. कागदावर शाई फुटत असेल तर दोष नेहमी शाईचाच असतो असं नाही. जास्त शाई सोडणारी निब थोडी आवळली तरी फुटणं थांबतं.

साध्या रंगद्रावणाच्या शाया धुवायला सोप्या आणि पेनाला सर्वांत सुरक्षित. पाण्याने न जाणारी शाई हवी असेल तर दोन वाटा आहेत. पिगमेंट शाईत रंगाचे अतिबारीक कण असतात; पेनात सुकली तर निघता निघत नाही. लोहयुक्त माजूफळाची शाई लिहिताना फिकी असते आणि हवेने काळवंडत जाते. ती आम्लयुक्त असल्याने स्टीलच्या निबेत महिनोन्‌महिने ठेवू नये. दोन्ही प्रकारांत पेन रोज वापरा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी धुवा. चमकीची शाई घ्यायचीच असेल तर रुंद निबेत भरा आणि भरण्याआधी बाटली हलवा, चमकी तळाशी बसते. चित्रकलेची लाखेची काळी ‘इंडियन इंक’ शाईपेनात कधीही घालायची नाही. लाख जिभेच्या खाचांत सुकली की ते पेन बऱ्याचदा वाचत नाही.

जुन्या साठ्यातली शाईची बाटली मिळाली तर टोपण उघडून बघा. पृष्ठभागावर साय, काडीला लागणारे बुळबुळीत तंतू किंवा कुबट वास आला तर ती बुरशी आहे. फुकट दिली तरी घेऊ नका. एकदा पेनात शिरली की ती पुढच्या प्रत्येक बाटलीत जाते. याच कारणासाठी पेनात उरलेली शाई पुन्हा बाटलीत ओतू नये. दोन कंपन्यांच्या शाया पेनात मिसळूही नयेत, एक आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी निघाली तर साका होतो.

पहिल्यांदा 30 मिलीची बाटली पुरे. 0.7 मिलीच्या कन्व्हर्टरला ती सुमारे 40 वेळा भरते.

जुनं पेन घ्यायचं किंवा दुरुस्त करायचं असेल तर

टोपणाची कड भिंगाखाली फिरवून बघा, केसासारख्या चिरा तिथेच पडतात. मग मणी: एका बाजूने झिजून तिरपा झाला असेल तर आधीच्या मालकाच्या हाताला तो जुळलेला आहे, तुमच्या नाही. बाजूला तरफ असलेल्या पेनात, ज्या पद्धतीचं पेटंट शेफरने 1908 मध्ये घेतलं, आत रबराची थैली असते. ती वर्षानुवर्षांनी कडक होते किंवा चिकट होऊन वितळते. तरफ घट्ट लागली तर जोर लावू नका, पेन हलवून बघा. आत तुकड्यांचा आवाज आला तर थैली गेली. ती बदलता येते आणि लाखेने चिकटवली जाते. सेल्युलॉइड पटकन पेट घेतं, त्यामुळे असं पेन घरी हेअरड्रायरने तापवून उघडायचा प्रयत्न करू नका.

दुरुस्तीला देताना पावतीवर पेनाचं नाव, निबेचा आकडा, दिसणारे ओरखडे आणि शेवटची शाई लिहून घ्या. पेन धुऊन द्या. खर्च थैली, निब आणि पॉलिश असा वेगळा विचारा. पॉलिश नको म्हणा; जुन्या पेनावरची कोरलेली अक्षरं त्यात पुसट होतात.

घरी आल्यावर

नवं पेन भरण्याआधी गार पाण्याने दोनदा धुवा, कारखान्यातलं तेल जिभेत राहिलेलं असतं. तेवढ्याने शाई तुटक येतच राहिली तर कपभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा आणि साध्या पाण्याने खळबळून काढा. गरम पाणी आणि स्पिरिट नको. भरताना निब पूर्ण बुडवा, पिस्टन वर ओढा, एक-दोन थेंब परत सोडा आणि निब पुसा. आठवडाभर रोज अर्धं पान लिहा. तोवरही काही खटकत असेल तर पेन शाईसकट, न धुता दुकानात न्या आणि सोबत ज्या पानावर ते अडलं ते पानही न्या. धुतलेल्या कोरड्या पेनात दुरुस्ती करणाऱ्याला दोष दिसत नाही.